हॅलोवीन आणि घाबरणारी साडेतीन वर्षांची लेक: पहिल्यांदाच नेणार आहोत, कसं करू?

रानजाई | ९ ऑक्टोबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. आजवर अपार्टमेंटमध्ये होतो, तिथे हॅलोवीनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला मुलं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात त्या संध्याकाळी, दारावर कुणी फिरकायचं नाही. जूनमध्ये या घरात आलो आणि इथे सप्टेंबर संपायच्या आतच अख्खी गल्ली सजली. कुणाच्या झुडपांवर कापसाची कोळिष्टकं, कुणाच्या हिरवळीवर थर्मोकोलची थडगी. समोरच्यांकडे तर तो बारा फुटी सांगाडा उभा आहे. अंधार पडला की त्याचे डोळे हलतात.

लेक साडेतीन वर्षांची आहे. डेकेअरला निघताना गाडीत बसेपर्यंत माझ्या मानेत तोंड खुपसून असते. मग हळूच विचारते, "आई, तो बघतोय का अजून?" काल तर म्हणाली, मागच्या दाराने जाऊया.

नवरा म्हणतो, एकदा फिरवून आणू, भीती आपोआप जाईल. सासूबाई फोनवर म्हणाल्या, तिन्हीसांजेला लहान लेकराला भुताखेतांत कशाला नेता? मला दोन्ही पटत नाही. चार महिने झाले, या गल्लीत आम्ही फक्त हात हलवण्यापुरते कुणाला ओळखतो. वर्षातून एकदा सगळी दारं आपणहून उघडतात, तर तिने ते पाहावं असं मनापासून वाटतं. पण रडवून नाही.

शिवाय आम्ही शाकाहारी आहोत आणि आजवर तिला चॉकलेट अगदी बेताने दिलं आहे. एका रात्रीत बादलीभर गोळा झालं तर काय करायचं? अनुभवी आयाबाबांनो, लिहा.

---

टेकडीवरचा | ९ ऑक्टोबर, रात्री १०:४०

यंदा नेऊच नका. साडेतीन म्हणजे लहानच आहे. पाचव्या वर्षी ती स्वतःच ओढत नेईल तुम्हाला.

---

अबोली | १० ऑक्टोबर, सकाळी ७:०५

टेकडीवरचा, वयापेक्षा मूल कसं आहे ते बघावं लागतं हो. माझी मोठी दोन वर्षांची असताना चेटकिणीचं नाक ओढायला गेली होती, आणि धाकटा चार वर्षांचा होऊनही वाऱ्याने फडफडणाऱ्या पांढऱ्या चादरीला बघून थरथरला होता.

रानजाई, धाकट्याच्या वेळी मी काय केलं ते सांगते. आमच्या कोपऱ्यावरच्या घरी दाराशी एक हलणारी चेटकीण होती, जवळ गेलं की खदाखदा हसायची. एका शनिवारी सकाळी अकराला, लख्ख उन्हात, मी त्याला घेऊन गेले आणि घराची घंटा वाजवली. म्हटलं, माझ्या मुलाला भीती वाटते, जरा दाखवाल का ती कशी चालते? ते आजोबा इतके खूश झाले! त्यांनी झगा वर करून आतली प्लास्टिकची नळी दाखवली, बॅटरीचा डबा उघडला, आणि बटण याच्या हातात दिलं. चालू, बंद, चालू, बंद. वीस मिनिटं आम्ही तिथेच. ३१ तारखेला हाच मुलगा रांगेतल्या बाकीच्या मुलांना सांगत होता, "घाबरू नका, तिच्या पोटात तीन सेल आहेत."

तेव्हा आधी दिवसा जा. आणि मुखवट्यामागचा माणूस आधी दाखवा. या वयात मुखवटा घातला की बाबा म्हणजे बाबा राहत नाहीत, खरंच दुसरंच कुणीतरी होतं. आरशासमोर तिच्या देखत मुखवटा घाला, काढा, तिच्या हातात द्या. जितक्या वेळा म्हणेल तितक्या वेळा.

---

दर्याकिनारी | १० ऑक्टोबर, सकाळी ८:३१

अबोलीचं वाचून थेट गुहागरला पोचलो. शिमग्यात खेळे घरोघरी यायचे, त्यात संकासुर. काळा वेष, डोक्यावर उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. ती घुंगरं वाडीच्या वळणावर वाजली की मी माजघरातल्या कणगीमागे. आजोबांनी एका वर्षी हाताला धरून ओटीवर आणलं आणि संकासुरालाच म्हणाले, "पोराला जरा बोलून दाखव रे." त्याने वाकून माझ्या कानात माझं नाव घेतलं. आवाज आमच्या गड्याचा! त्या दिवसापासून संकासुर माझा मित्र. पुढे त्याच्या मागे मागे सगळी वाडी फिरायचो आणि पोस्त मागायलाही पुढे.

सासूबाईंना हे सांगून बघा. सोंग घेऊन दारोदार जाणं आणि दारच्याने हातावर काही ठेवणं, यात आपल्याला परकं असं काही नाही.

---

पेठकर | १० ऑक्टोबर, सकाळी ९:५०

दर्याकिनारी, तुलना पटली नाही. शिमगा देवाच्या पालखीशी बांधलेला असतो. संकासुर म्हणजे गंमतीचा वेष नव्हे, त्याला मान आहे. इथे पुण्यात आमच्या सोसायटीत तीन वर्षांपासून हॅलोवीन सुरू झालंय. ग्रुपवर आदल्या दिवशी निरोप येतो, प्रत्येक घराने पन्नास चॉकलेटं तयार ठेवा. त्याच सोसायटीत यंदा भोंडल्याला सहा मुली होत्या. हत्ती पाटावर काढायचा की भिंतीवर लावायचा हेसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. मला त्याचं वाईट वाटतं आणि ते मी बोलणार.

---

अबोली | १० ऑक्टोबर, सकाळी १०:२२

पेठकर, तुमचं दुःख समजतं. पण पुण्यातली सोसायटी आणि एडिसनची गल्ली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे ते बाहेरून आलंय. इथे ते शेजाऱ्यांचं आहे आणि आपण त्यांच्या गावात राहतो. शेजारी दार उघडून उभा असताना आपण दिवा मालवून आत बसायचं का? आणि भोंडला आम्ही इथेही करतो. आमच्याकडे यंदा बावीस मुली होत्या, त्यातल्या चार जणींना मराठी येत नाही. खिरापत ओळखायला मात्र त्याच पुढे.

---

पेठकर | १० ऑक्टोबर, सकाळी १०:४५

बावीस! वाचून बरं वाटलं. खिरापत काय होती?

---

अबोली | १० ऑक्टोबर, सकाळी १०:४७

दडपे पोहे. कुणालाच ओळखता आली नाही.

---

धुक्यातली | १० ऑक्टोबर, दुपारी ४:१८

एडिंबरामधून लिहितेय. इथे याला गायझिंग म्हणतात आणि यात एक मोठा फरक आहे: मुलांना फुकट काही मिळत नाही. दारात उभं राहून गाणं, कविता, निदान एखादा विनोद सांगावा लागतो, मग खाऊ. आमच्या शेजारच्या आजी सांगतात, त्यांच्या लहानपणी भोपळा नव्हताच. सलगमासारखा टणक कंद चमच्याने कोरून त्यात मेणबत्ती लावायचे. कोरताना मनगटं दुखायची आणि जळका उग्र वास घरभर. स्कॉटलंड-आयर्लंडची माणसं अमेरिकेत गेली, त्यांना तिथे मोठा, मऊ, कोरायला सोपा भोपळा मिळाला आणि मग तोच रूढ झाला.

माझा मुलगा चार वर्षांचा असताना इंग्रजी गाणं ऐनवेळी विसरला. घाबरून माझ्याकडे बघितलं आणि एकदम "येरे येरे पावसा" म्हटलं, हातवाऱ्यांसकट. बाहेर पाऊस कोसळतच होता. त्या आजींनी अर्थ विचारला. मी सांगितल्यावर म्हणाल्या, बाळा, या गावात त्याला बोलवायची गरज नाही! पुढच्या वर्षी त्यांनीच फर्माईश केली.

रानजाई, लेकीला काहीतरी म्हणायला शिकवून ठेव. भित्र्या मुलाला दारात उभं राहिल्यावर करायला काही असलं की फार आधार होतो.

---

दंतकथा | १० ऑक्टोबर, रात्री ९:०२

मी दातांची डॉक्टर. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हेच बोलते म्हणून इथेही लिहिते. एका रात्री थोडं जास्त खाल्लं याने फारसं बिघडत नाही. रोज दुपारभर एकेक चघळत राहिलं तर दात जातात. म्हणून जे खायचं ते जेवणानंतर लगेच, पाठोपाठ पाणी, आणि रात्री ब्रश. साधं चॉकलेट दातांवरून लवकर निघून जातं. चिकट टॉफ्या आणि गमी मात्र दाढांच्या खाचांत बसून राहतात.

चार वर्षांखालच्या मुलांना कडक गोळ्या अजिबात नकोत, अख्खे दाणे नकोत, घशात अडकतात. घरी आल्यावर ते आधी बाजूला काढ.

शाकाहाराचं: मार्शमेलो, बहुतेक गमी आणि तो तीनरंगी कँडी कॉर्न यांत जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. इथल्या स्टारबर्स्टमध्येही. स्किटल्समध्ये नसतं. पाकिटाची मागची बाजू वाचायची सवय ठेव. लहान पाकिटांवर यादी नसली तर फोनवर बघ.

बाकीचं काय करायचं? आम्ही दहा निवडू देतो, उरलेलं रात्री दाराशी ठेवायचं, सकाळी त्याच्या जागी एक छोटं खेळणं. इथे बऱ्याच घरी हे करतात, चेटकीण येऊन बदलून नेते म्हणतात. तुझी लेक चेटकिणीला घाबरत असेल तर उंदीरमामा नेतो असं सांग.

---

मूषकराज | १० ऑक्टोबर, रात्री ९:१५

उंदीरमामांचा या व्यवस्थेला पूर्ण पाठिंबा आहे.

---

निळीहिरवी | ११ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

सगळ्यांना एक विनंती करायला मुद्दाम लॉगिन केलं. माझ्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. दोन वर्षं त्याला घेऊन फिरले, दर घरी तो हात पुढे करायचा आणि मी पुढच्या वळणावर त्याच्या पिशवीतून काढून घ्यायचे. तिसऱ्या वर्षी एका पायरीवर निळसर हिरवा रंगवलेला भोपळा दिसला. त्याचा अर्थ, या घरी खाऊखेरीज दुसरंही काही मिळतं. टेनेसीतल्या ॲलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांनी हे सुरू केलं आणि २०१४ पासून देशभर पसरलं. त्या काकूंनी वाटीत खोडरबर, भिंगऱ्या, चमकणाऱ्या बांगड्या ठेवल्या होत्या. माझ्या मुलाने बांगडी घेतली, मनगटात घातली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ही काढून घेणार नाहीस ना?"

तुम्ही दारात बसणार असाल तर अशी एक वाटी वेगळी ठेवा. रंगाची डबी तीन-चार डॉलरला मिळते. खाऊच्या वाटीत हात घालून मग खेळण्याच्या वाटीत घालू नका, एवढं मात्र सांभाळा.

---

रानजाई | ११ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

निळीहिरवी, आजच रंग आणते. अबोली, उद्या रविवार, उन्हात समोर जातोच. सगळ्यांना खूप धन्यवाद, लिहीत राहा.

---

सुगरण | ११ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

भोपळा निघालाच आहे तर: कोरायचा मोठा भोपळा खायला घेऊ नका! पाणचट, दोरेदोरे, चव नाही. घारग्यांना लहान गोल शुगर पंपकिन किंवा बटरनट घ्या. किसून गुळाबरोबर शिजवायचं, पाणी अजिबात नाही, त्यातच मावेल तेवढी कणीक, थोडा रवा, चमचाभर तेलाचं मोहन, वेलची. गूळ भोपळ्याच्या निम्मा, गोड हवं तर थोडा जास्त.

मोठ्या भोपळ्याचा गर मुलांना हातानेच काढू द्या. गार, बुळबुळीत, बिया बोटांतून सुटतात, काकडीसारखा कच्चा वास. तेवढ्यावर एक दुपार जाते. बिया धुऊन फडक्यावर रात्रभर वाळवा, मग तेल, मीठ, जिरेपूड, चिमूटभर हिंग चोळून ३२५ फॅरनहाइटवर वीसेक मिनिटं. मध्ये एकदा हलवा.

---

दर्याकिनारी | ११ ऑक्टोबर, दुपारी १:१०

आणि भोपळा म्हटल्यावर म्हातारी कुणालाच आठवली नाही? लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाऊन लठ्ठ झालेली, भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी! रानजाई, घाबरणाऱ्या मुलीला याहून चांगला वेष नाही. तिला भोपळा कर. भोपळ्यात बसलं की वाघसुद्धा काही करू शकत नाही.

---

अबोली | ११ ऑक्टोबर, दुपारी १:२५

कसलं सुचलं! नारिंगी फ्लीसचा झगा शिव, खाली इलॅस्टिक, आत उशीतला कापूस. थंडी असतेच, एक माप मोठा कर म्हणजे आत स्वेटर मावतो. नाहीतर इतका सुंदर वेष कोटाखाली झाकला जातो.

---

रात्रपाळी | १२ ऑक्टोबर, पहाटे ३:४०

इमर्जन्सी रूममध्ये नर्स आहे. चॉकलेटात सुई, विष असल्या गोष्टी दरवर्षी ग्रुपवर फिरतात. खाऊ तपासा जरूर, पण अनोळखी माणसाने मुलांच्या खाऊत विष घातल्याचे प्रकार जवळपास नाहीतच. खरा धोका गाड्यांचा. अमेरिकेतल्या ४२ वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हॅलोवीनच्या संध्याकाळी पादचारी गाडीखाली येऊन दगावण्याचं प्रमाण ४३ टक्के जास्त निघालं.

म्हणून मुखवट्याऐवजी चेहरा रंगवा, मुखवट्यातून बाजूचं दिसत नाही. झगा घोट्याच्या वर हवा. पाठीवर चमकणारी पट्टी चिकटवा. गल्लीची एक बाजू पूर्ण करून मगच ओलांडा, नागमोडी नको. यंदा ३१ ला शुक्रवार, हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे जातील ती त्यानंतर, २ नोव्हेंबरला, म्हणजे न्यू जर्सीत सहाच्या जरा आधी सूर्य मावळेल. साडेचार-पाचला निघा, उजेड असतो आणि त्या वेळी सगळी गुडघ्याएवढीच पोरं बाहेर असतात. भयंकर वेषातली मोठी मुलं सातनंतर.

---

स्वेटरवाल्या_आजी | १२ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

मी सत्तरीची आहे, मुलाकडे न्यू जर्सीला येऊन जाऊन असते. रानजाईच्या सासूबाईंसारखंच मलाही वाटायचं.

२०१२ साली इथे होते. २९ ऑक्टोबरला सँडी वादळ आलं. आमच्याकडे आठ दिवस वीज नव्हती. घर गार, नातू माझ्या शालीत. झाडं पडलेली, तारा लोंबणाऱ्या. गव्हर्नरांनी हुकूम काढून हॅलोवीनच ५ नोव्हेंबरला ढकललं. मला नवल वाटलं, एवढं सगळं मोडलंय आणि यांना हे सुचतंय! पण त्या दिवशी मुलं आली. मी दिवाळीच्या तयारीचे शंकरपाळे पुड्यांत बांधून बसले होते. सूनबाईने समजावलं, आई, घरचं सुटं कुणी घेत नाही, पालक खाऊ देत नाहीत. थोडं लागलं मनाला. मग दुकानातली पाकिटं वाटली. दिवे नव्हते म्हणून पायरीवर पणत्या लावल्या होत्या. एक लहानगी परी झालेली, तिने खाऊ घेतला आणि पणतीशीच बसून राहिली. तिची आई म्हणाली, आठवड्यात आज पहिल्यांदा ही हसली.

शंकरपाळे शेवटी त्या आईनेच खाल्ले, उभ्या उभ्या, चार पुड्या. अजून दर दिवाळीला डबा जातो त्यांच्याकडे.

सासूबाईंना म्हणावं, पोरीबरोबर दारात बसा. भूत-बीत नाही, सगळी शेजारची लेकरं असतात.

---

पेठकर | १२ ऑक्टोबर, सकाळी ११:५८

आजी, नमस्कार करतो. यावर मला काही बोलायचं नाही.

---

टेकडीवरचा | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:१४

माझं मत अजून तेच, जबरदस्ती नको. पण अबोलीचा दिवसा जायचा मार्ग चांगला आहे हे मान्य. एक भर घालतो: "घरी जाऊया" असं ती म्हणाली की त्याच क्षणी वळायचं, "अजून एकच घर" म्हणायचं नाही. माझ्या बाबतीत ते म्हटलं गेलं होतं, म्हणून सांगतो.

---

रानजाई | २ नोव्हेंबर, दुपारी ३:०५

मंडळी, उशीर झाला, पण सविस्तर लिहिते.

त्या रविवारी समोर गेलो. दार उघडणारे काका निवृत्त बसचालक निघाले. त्यांनी लेकीला सांगाड्याच्या पायाशी नेलं, चार दोऱ्या कशा जमिनीत ठोकल्यात ते दाखवलं, "हा पडू नये म्हणून मी रोज याला बांधतो" म्हणाले. ती पाच मिनिटं माझ्या पायामागून बघत होती. मग विचारलं, याला आई आहे का? काका गुडघ्यावर बसून म्हणाले, नाही, म्हणून मीच सांभाळतो. परत येताना तिने त्याचं नाव हाडूदादा ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून डेकेअरला जाताना त्याला टाटा.

३१ ला भोपळा करून पावणेपाचला निघालो. पहिल्या घरी तोंडातून शब्द फुटला नाही. दुसऱ्या घरी टुणुक टुणुक उड्या मारल्या. तिसऱ्या-चौथ्या घरी तर मीच मागे. पाचव्या घराच्या पायरीवर धुराचं यंत्र होतं, फुस्स करून धूर आला आणि तिने माझा हात घट्ट धरला. "घरी." टेकडीवरचा, तुमचं वाक्य कानात होतं, तिथूनच वळलो. चार घरं, चार खाऊ.

खरी मजा घरी आल्यावर. सासूबाई फोनवर होत्या, व्हिडिओ चालू ठेवून फोन कठड्याला टेकवला. लेक पायरीवर दोन वाट्या घेऊन बसली, एक खाऊची, एक निळसर हिरव्या भोपळ्याशेजारी भिंगऱ्यांची. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "तू कोण आहेस?" मुखवटेवाल्यांना आधी मुखवटा काढायला लावायची आणि मगच द्यायची. एका लांडग्याने मुकाट्याने डोकं काढून दाखवलं, आत आठ-नऊ वर्षांचा घामेजलेला मुलगा. सासूबाई तिकडून, "अगं, त्याला दोन दे, दमलाय बिचारा." त्यांच्याकडे पहाट होती, चहा गार झाला तरी उठल्या नाहीत.

गल्लीतल्या अकरा घरांशी नावानिशी ओळख झाली. दोन दारांपलीकडच्या बाईंनी तिचा झगा कुणी शिवला विचारलं, परवा शिवणयंत्र बघायला येताहेत. घारगे करणार आहे, सुगरण.

आता एक नवा प्रश्न. समोरचे काका म्हणाले, सांगाडा काढणार नाही, ख्रिसमसला त्यालाच लाल टोपी घालणार. लेकीने ते ऐकलं आणि आता एकच धोशा लावलाय, हाडूदादाला थंडी वाजेल, त्याला मफलर हवा. बारा फुटी माणसाच्या मफलरला लोकर किती लागते?

---

स्वेटरवाल्या_आजी | २ नोव्हेंबर, दुपारी ४:४०

गळ्याचा घेर दोरीने मोजून कळव. लांबी निदान सहा हात धरू. जाड लोकर घे, सुया मोठ्या लागतील, त्या माझ्याकडे आहेत. रंग मात्र लेकीला विचार.

---

रानजाई | २ नोव्हेंबर, दुपारी ४:५२

विचारला. नारिंगी. दोरी घेऊन निघालोय आम्ही दोघी, काका शिडी काढताहेत.